भौतिकशास्त्र आणि संगणकीय विज्ञानात पीएच.डी.ची जागा शोधताना: कामांचा क्रम आणि नेहमीच्या चुका

दर मार्च-एप्रिलमध्ये एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाची काही मुलं भेटायला येतात आणि लॅपटॉप उघडून दाखवतात. साठ-सत्तर प्राध्यापकांना एकच ईमेल गेलेला असतो आणि उत्तरं दोन आलेली असतात. त्यातलं एक ‘मी रजेवर आहे’ असं आपोआप आलेलं. मग प्रश्न येतो, “सर, ईमेलमध्ये काय चुकलं?” ईमेलमध्ये चुकलेलं असतंच. पण खरी चूक त्याच्या सहा-आठ महिने आधी झालेली असते: जे काम शेवटी करायचं, तेच पहिलं केलेलं असतं.

पुढचे टप्पे दिलेल्या क्रमानेच करा. भौतिकशास्त्र आणि त्यातला संगणकीय भाग डोळ्यांपुढे ठेवून लिहिलं आहे. प्रयोगशाळेत काम करणाऱ्यांना चौथा टप्पा सोडून बाकी जवळजवळ सगळं लागू पडेल.

टप्पा १: परीक्षा, समिती की नोकरी, हे आधी ओळखा

पीएच.डी.ला घेण्याच्या तीन वेगळ्या पद्धती आहेत. एका पद्धतीची तयारी दुसरीकडे फारशी उपयोगी पडत नाही.

भारतात आधी परीक्षा आणि मग मुलाखत. भौतिकशास्त्रासाठी गेट, जेस्ट आणि सीएसआयआर-नेट या तीन मुख्य परीक्षा आहेत. शिवाय काही संस्था स्वतःची परीक्षा घेतात. गेटचा स्कोअर तीन वर्षं चालतो. नेटमध्ये जून २०२४ पासून तीन गट आहेत: जेआरएफसह (म्हणजे कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्तीसह), सहायक प्राध्यापकपद व पीएच.डी. प्रवेश, आणि फक्त पीएच.डी. प्रवेश. शेवटच्या दोन गटांतले गुण प्रवेशासाठी एकच वर्ष धरले जातात. त्यांना विद्यापीठाच्या प्रवेशात ७० टक्के वजन असतं आणि उरलेलं ३० टक्के मुलाखतीला. जेआरएफ मिळाली तर १ जानेवारी २०२३ पासूनच्या दराने दरमहा ३७,००० रुपये, एसआरएफ (वरिष्ठ शिष्यवृत्ती) झाल्यावर ४२,००० रुपये, आणि घरभाडं वेगळं.

अमेरिकेत विभागाची समिती प्रवेश देते. एखादा प्राध्यापक ‘अर्ज कर, मला रस आहे’ म्हणाला तरी तो प्रवेश नव्हे. अर्ज सगळ्यांसारखा पोर्टलवरूनच जातो. पहिली एक-दोन वर्षं कोर्सवर्क असतं, पैसे बहुधा शिकवण्याच्या कामातून येतात आणि गाइड पुढे ठरतो.

युरोपात बहुतेक ठिकाणी पीएच.डी. ही नोकरी असते. जाहिरात निघते, अर्ज येतात, चार-पाच जणांची मुलाखत होते आणि एकाला करारपत्र मिळतं. नेदरलँड्समध्ये साधारण चार वर्षांचा करार असतो आणि पहिल्या वर्षाअखेर मूल्यमापन होतं. स्वीडनमध्ये चार वर्षं संशोधनाची. त्यात वीस टक्क्यांपर्यंत शिकवण्याचं काम मिसळलं की पाच होतात. जर्मनीत विद्यापीठाचा पगार ‘टीव्ही-एल ई-१३’ या श्रेणीत असतो आणि पुढे टक्केवारी लिहिलेली असते. ‘ई-१३, ७५ टक्के’ याचा अर्थ पगार पाऊण. प्रत्यक्ष काम किती, ते गटातल्या मुलांना विचारा. ती हसतील.

ब्रिटनची गोष्ट या सगळ्यांपेक्षा थोडी वेगळी. तिथल्या सरकारी निधीच्या जागांमध्ये परदेशी विद्यार्थ्यांचं प्रमाण ३० टक्क्यांपर्यंतच ठेवलेलं आहे. त्यामुळे जाहिरातीत ‘पूर्ण अनुदानित’ दिसलं तरी ते तुमच्यासाठी आहे का, हे आधी वाचा.

सावधान: सर्नमध्ये, म्हणजे जिनिव्हाजवळच्या कणभौतिकीच्या प्रयोगशाळेत, पीएच.डी. करायची आहे, असं पुष्कळ जण म्हणतात. सर्न पदवी देत नाही. पदवी विद्यापीठाची असते, सर्नला राहून काम करता येतं. भारत २०१७ पासून तिथला सहयोगी सदस्य आहे, पण म्हणून विद्यापीठ शोधण्याचं काम टळत नाही.

टप्पा २: कॅलेंडर उलटं मांडा

कागदाच्या तळाशी रुजू व्हायचा महिना लिहा, समजा ऑगस्ट-सप्टेंबर. मग तिथून वर चढत या.

अमेरिकेतल्या बहुतेक विभागांची मुदत डिसेंबरच्या मध्याला संपते. जर्मनीतल्या मॅक्स प्लांक संस्थांच्या आंतरराष्ट्रीय संशोधन शाळांच्या मुदती हिवाळ्याच्या आसपास पसरलेल्या असतात. गेटचे फॉर्म ऑगस्ट-सप्टेंबरच्या सुमारास निघतात आणि परीक्षा फेब्रुवारीत होते. जेस्टही त्याच मोसमात येते. संस्थांच्या मुलाखती उन्हाळ्यात होतात. जर्मनी, नेदरलँड्स, डेन्मार्क, नॉर्वे इथल्या जाहिराती मात्र वर्षभर निघतात. फेब्रुवारीत पाहिलेली जागा मार्चमध्ये बंद झालेली असते.

हिशेब केलात की लक्षात येईल, एम.एस्सी.च्या तिसऱ्या सत्राच्या सुरुवातीला, म्हणजे जुलै-ऑगस्टमध्ये, टप्पा तीन आणि चार चालू असायला हवेत. शेवटच्या सत्राचा प्रोजेक्ट दाखवून अर्ज करू असं ठरवलं असेल, तर तो प्रोजेक्ट पूर्ण होईपर्यंत निम्म्या मुदती गेलेल्या असतात. एक वर्ष मध्ये गेलं तर आकाश कोसळत नाही. एखाद्या गटात प्रोजेक्ट असिस्टंट म्हणून घालवलेलं वर्ष अर्जाला वजन देतं. घरी बसून ‘प्रयत्न चालू आहेत’ म्हणत घालवलेलं मात्र देत नाही.

टप्पा ३: विषय इतका अरुंद करा की वीस नावं उरतील

“मला कॉम्प्युटेशनल फिजिक्समध्ये करायचं आहे.” हे वाक्य ऐकलं की मी विचारतो, “कोणत्या प्रश्नासाठी?” संगणन ही पद्धत आहे. लॅटिसवर क्वार्कची गणितं करणारा, आकाशगंगांचं सिम्युलेशन चालवणारा आणि बॅटरीतल्या लिथियमची हालचाल मोजणारा, हे तिघंही हजारो कोअर वापरतात. पण तिघांचे गट, परिषदा, जाहिरातींच्या जागा आणि मुलाखतीतले प्रश्न वेगवेगळे.

अरुंद करण्याची माझी पद्धत साधी आहे. आर्काइव्हवर (arXiv, नवे संशोधन लेख मोफत ठेवणारं संकेतस्थळ) तुमच्या जवळचा विभाग उघडा: सांख्यिकी भौतिकी असेल तर कॉन्ड-मॅटमधला स्टॅट-मेक, लॅटिस असेल तर हेप-लॅट, विश्वरचना असेल तर ॲस्ट्रो-पीएचमधला सीओ. तीन आठवडे रोज फक्त शीर्षकं आणि सारांश वाचा, अर्ध्या तासाच्या वर नाही. ज्या लेखांची पीडीएफ आपसूक उघडावीशी वाटली, तेवढेच बाजूला ठेवा. तीन आठवड्यांनी पंधरा-वीस लेख साठलेले असतील, आणि त्यात तीन-चार नावं पुन्हा पुन्हा दिसतील. कणभौतिकीवाल्यांनी इन्स्पायर आणि खगोलवाल्यांनी नासाचा एडीएस हे लेखांचे शोधसंग्रह वापरून त्या नावांचे गेल्या तीन वर्षांतले लेख पाहावेत. दहा वर्षांपूर्वीच्या गाजलेल्या लेखावरून गट निवडू नका. तो माणूस आता भलतंच काही करत असू शकतो.

मग एक तक्ता करा. स्तंभ असे: गटप्रमुख, संस्था, अलीकडचे दोन लेख, त्यांचे पहिले लेखक कोण, निधी कुठून, सध्याचे पीएच.डी. विद्यार्थी आणि त्यांचं कितवं वर्ष.

शेवटचे दोन स्तंभ कोणीच भरत नाही आणि सगळी मेख तिथेच आहे. निधी लेखाच्या शेवटी आभारात लिहिलेला असतो, अनुदान क्रमांकासकट. कित्येकदा तो क्रमांक शोधला की प्रकल्प कधी सुरू झाला आणि कधी संपतो हे कळतं. प्रकल्प गेल्या वर्षी सुरू झाला असेल तर जागा निघण्याची शक्यता आहे. पुढच्या वर्षी संपत असेल तर तुमचा पगार कशातून येणार, हा प्रश्न आहे. विद्यार्थ्यांचं वर्ष गटाच्या पानावरून कळतं. दोन जण शेवटच्या वर्षाला असतील तर त्यांच्या खुर्च्या रिकाम्या होणार. सगळे पहिल्याच वर्षाला असतील तर तुमचा ईमेल कितीही सुंदर असला तरी उत्तर नाही असंच येईल.

तपासा: यादीत वीसपेक्षा जास्त नावं असतील तर विषय अजून रुंद आहे. सगळी नावं एकाच देशातली किंवा रँकिंगच्या पहिल्या दहातली असतील तर तुम्ही संस्था शोधताय, गट नव्हे. आणि आपल्या अंगणातलं विसरू नका. आयुका (खगोलशास्त्र), एनसीआरए (रेडिओ खगोलशास्त्र) आणि आयसर पुण्यात आहेत, टीआयएफआर मुंबईत, बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत संगणकीय आणि विदा (डेटा) विज्ञानाचा स्वतंत्र विभाग आहे. नारायणगावजवळच्या खोडदला जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या तीस अँटेना उभ्या आहेत. त्यातून येणाऱ्या विदेवर काम करायला बाहेरचे लोक इकडे येतात.

टप्पा ४: एक लहान काम, पण पूर्ण

संगणकीय जागेच्या अर्जात ‘पायथन, सी++, मॅटलॅब, मशीन लर्निंग’ अशी रांग लिहून काही सिद्ध होत नाही. एक रिपॉझिटरी, म्हणजे कोड ठेवलेला ऑनलाइन साठा, द्या. दुसऱ्या माणसाला ती उतरवून तासाभरात चालवता आली पाहिजे आणि तुमची आकृती त्याच्या स्क्रीनवर उमटली पाहिजे. रीडमीमध्ये प्रश्न काय, कसं चालवायचं, उत्तर काय आलं आणि ते बरोबर कशावरून, एवढं हवं. ‘बरोबर कशावरून’ हा भाग शंभरातले पंच्याण्णव जण गाळतात.

कशाला पूर्ण म्हणायचं ते एका उदाहरणाने दाखवतो. द्विमितीय आयझिंग मॉडेलचं (जाळीवरच्या लहान चुंबकांचं साधं प्रतिमान) मॉन्टे कार्लो, म्हणजे यादृच्छिक नमुने घेऊन केलेलं सिम्युलेशन, हे जवळजवळ प्रत्येक एम.एस्सी. अभ्यासक्रमात असतं. माझ्याकडे सराव मुलाखतीला आलेल्या एका मुलाने त्याचा सुंदर आलेख दाखवला. चुंबकन तापमानाबरोबर घसरत होतं, संक्रमण २.२७ च्या आसपास दिसत होतं आणि त्रुटीपट्टे बिंदूंच्या आत लपलेले होते. अचूक उत्तर २.२६९ आहे, म्हणजे गोष्ट बरी दिसत होती. मी विचारलं, “नमुने किती?” “एक लाख, प्रत्येक स्वीपला (जाळीवरच्या एका पूर्ण फेरीला) एक.” “त्यातले एकमेकांपासून स्वतंत्र किती?” तो गप्प.

हिशेब तिथेच फळ्यावर केला. संक्रमणाजवळ मेट्रोपोलिस (एकेक चुंबक उलटवण्याची नेहमीची पद्धत) फार संथ चालतं, एक नमुना पुढच्या नमुन्याला चिकटलेला असतो. ही चिकटण मोजणारा ऑटोकोरिलेशनचा काळ २०० स्वीप निघाला, तर एका स्वतंत्र नमुन्याला त्याच्या दुप्पट स्वीप लागतात, म्हणून खरे स्वतंत्र नमुने एक लाख भागिले ४००, म्हणजे अडीचशे. त्रुटी ४०० च्या वर्गमुळाइतकी, म्हणजे २० पट, कमी दाखवली होती. त्याने घरी जाऊन तीन गोष्टी केल्या. विदेचे गट पाडून त्रुटी पुन्हा काढली, १६, ३२ आणि ६४ अशा तीन आकारांवर बाइंडर क्युमुलंटच्या (संक्रमणबिंदू शोधायला वापरतात ती राशी) रेषा कुठे छेदतात ते पाहिलं, आणि वोल्फचं क्लस्टर अल्गोरिदम (चुंबकांचा अख्खा गट एकदम उलटवणारं) लिहून दोन्हींचे काळ शेजारी ठेवले. एकूण दहा दिवसांचं काम. पुढे खऱ्या मुलाखतीत पंधरा मिनिटं याच आकृतीवर बोलणं झालं, कारण बोलण्यासारखं आता काहीतरी होतं.

तुमचा विषय आण्विक गतिकीचा असेल तर याच धर्तीची चाचणी: व्हेलॉसिटी व्हर्लेट या गतीची समीकरणं सोडवण्याच्या पद्धतीमध्ये कालपायरी निम्मी केली की ऊर्जेतली त्रुटी साधारण चौपट कमी व्हायला हवी. नाही झाली तर कोडमध्ये कुठेतरी गडबड आहे. ती सापडून दुरुस्त केल्याची गोष्ट अर्जात लिहिलीत तर उत्तमच. चुका लपवायच्या नसतात, कशा पकडल्या ते सांगायचं असतं.

सावधान: दुसऱ्याचं कोड किंवा एआयने लिहून दिलेलं कोड आपलं म्हणून ठेवू नका. मुलाखतीत एखादी ओळ उघडून ‘हे असं का?’ एवढंच विचारलं तरी पुरतं.

टप्पा ५: कागदपत्रं, आणि नावाचा घोळ

कंटाळवाणा टप्पा. सर्वांत जास्त मुदती इथेच चुकतात.

ट्रान्सक्रिप्ट म्हणजे मार्कशीटच्या झेरॉक्स नव्हेत. विद्यापीठाकडे वेगळा अर्ज करून ती घ्यावी लागते आणि त्याला आठवडे लागतात. माझी पहिली ट्रान्सक्रिप्ट अर्जाची मुदत उलटून गेल्यावर अकरा दिवसांनी हातात आली, कारण ‘काय, एक कागद तर हवा’ असं मी समजत होतो. शेवटचा निकाल लागायचा असेल तर कॉलेजच्या लेटरहेडवर ‘अमुक महिन्यात पदवी अपेक्षित’ असं पत्र आणि आतापर्यंतच्या सत्रांचे गुण द्या.

नाव. आपल्याकडच्या बऱ्याच गुणपत्रिकांवर आडनाव आधी, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं, शेवटी आईचं. पासपोर्टवर वेगळा क्रम. परदेशी पोर्टल पहिला शब्द तुमचं नाव समजतं आणि पुढचा सगळा पत्रव्यवहार ‘प्रिय कुलकर्णी’ असा येतो, तिथवर ठीक. पण शिफारसपत्र एका नावाने आणि अर्ज दुसऱ्या नावाने गेला की फाइल जुळत नाही. नियम एकच ठेवा: पासपोर्टवर जसं आहे तसंच सगळीकडे. लग्नानंतर नाव बदललेलं असेल तर जुन्या-नव्या नावाचा पुरावा पहिल्याच दिवसापासून सोबत जोडा.

गुणांचं रूपांतर. जर्मन विद्यापीठं त्यांच्या श्रेणीत, १ सर्वोत्तम आणि ४ काठावर पास, गुण मागतात. सूत्र असं: १ + ३ × (कमाल − तुमचे) ÷ (कमाल − उत्तीर्णतेची किमान). सीजीपीए १० पैकी ८.२ आणि किमान ४ असेल तर (१० − ८.२) ÷ (१० − ४) = ०.३, त्याच्या तिप्पट ०.९, म्हणून १.९. ‘किमान’ म्हणजे तुमच्या विद्यापीठाची पास होण्याची रेषा, शून्य नव्हे. शून्य धरलं की उत्तर १.५४ येतं. हे चुकून केलं तरी खोटं लिहिल्यासारखं दिसतं.

शिफारसपत्रं, म्हणजेच रेको. दोन-तीन लागतात. “तू ड्राफ्ट करून आण, मी सही करतो,” हे आपल्याकडचं नेहमीचं उत्तर, आणि त्यात सरांचाही दोष नाही, त्यांच्यामागे वीस मुलं असतात. पण मुलाने स्वतःच लिहिलेली तीन पत्रं एकाच भाषेत, एकाच विशेषणांनी भरलेली येतात आणि वाचणाऱ्याला ते लगेच कळतं. ड्राफ्ट देऊ नका, टिपण द्या. सरांच्या कोणत्या विषयात किती गुण, प्रोजेक्टमध्ये तुम्ही नेमकं काय केलं, कुठे अडलात, कसे सुटलात, अर्ज कुठे आणि मुदत काय, हे सगळं एका पानात. त्यांना लिहायला सोपं जातं आणि पत्र त्यांच्या आवाजात येतं. पोर्टल बहुधा संस्थेचा ईमेल पत्ता मागतं. सरांचा तो पत्ता चालू आहे का, हे आधी विचारून घ्या. लिंक पुष्कळदा स्पॅममध्ये जाते. मुदतीच्या आठवडाभर आधी, आणि पुन्हा दोन दिवस आधी, नम्रपणे आठवण करा.

सीव्ही दोन पानांचा. दहावीचे टक्के, वडिलांचा व्यवसाय, आवड ‘क्रिकेट पाहणे’ हे काढा. प्रोजेक्टला प्रत्येकी तीन ओळी द्या: प्रश्न, तुम्ही केलेलं काम, निष्पत्ती.

टप्पा ६: जाहिराती कुठे असतात आणि कशा वाचायच्या

गूगलवर ‘फुली फंडेड पीएचडी’ टाकलं की यूट्यूबर आणि एजंट भेटतात. जागा इथे असतात: युरोपासाठी युरॅक्सेस, नेदरलँड्ससाठी अकॅडेमिक ट्रान्सफर, नॉर्वेसाठी जॉबनॉर्गे, जर्मनीसाठी डीएएडीचा पीएचडी जर्मनी हा शोध, कणभौतिकीसाठी इन्स्पायरचं नोकरीचं पान, खगोलासाठी अमेरिकन ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीचं जॉब रजिस्टर, पदार्थांच्या संगणकीय अभ्यासासाठी साय-के. शिवाय तिसऱ्या टप्प्यातल्या वीस गटांची स्वतःची पानं. ती आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी पाहा.

जाहिरात वाचताना पाच ओळी शोधा: पगाराची श्रेणी आणि टक्केवारी, करार किती वर्षांचा, पदवी कुठलं विद्यापीठ देणार, रुजू होण्याची तारीख, आणि ‘असणं आवश्यक’ व ‘असल्यास उत्तम’ यांतला फरक. ‘असल्यास उत्तम’मध्ये क्यूडा (ग्राफिक्स कार्डवर गणितं चालवण्याचं साधन) लिहिलंय आणि मला येत नाही, म्हणून अर्ज न करणारी मुलं मी पाहिली आहेत. करा अर्ज. उलट ‘आवश्यक’मध्ये पदव्युत्तर पदवी रुजू होईपर्यंत हाती हवी असं लिहिलं असेल आणि तुमचा निकाल ऑगस्टमध्ये असेल, तर आधी विचारा.

युरोपीय संघाच्या मारी स्क्वोदोव्स्का-क्युरी डॉक्टरल नेटवर्कच्या जागांचा पगार चांगला असतो आणि राष्ट्रीयत्वाची अट नसते. पण एक नियम न वाचता लोक महिनाभर अर्ज करत बसतात. रुजू होण्याआधीच्या ३६ महिन्यांत तुम्ही त्या देशात १२ महिन्यांपेक्षा जास्त राहिलेले नसावेत. म्हणजे जर्मनीत नुकतंच दोन वर्षं एम.एस्सी. केलेल्याला याच योजनेतली जर्मनीतली जागा बंद, नेदरलँड्समधली उघडी. आणि कोल्हापुरातून थेट जाणाऱ्याला दोन्हीकडे उघडी. इथे न जाणं हाच फायदा आहे.

भारतातल्या परीक्षांबाबत नेहमीची चूक: जेस्ट दिली, रँक आली, आता संस्था बोलावतील म्हणून वाट पाहणं. परीक्षेचा अर्ज हा परीक्षेचा असतो. बहुतेक संस्थांकडे वेगळा अर्ज, वेगळ्या मुदतीत करावा लागतो, आणि काही मुदती निकालाच्या आधीच संपतात.

सावधान: जागा मिळवून देण्यासाठी, ‘सीट कन्फर्म’ करण्यासाठी किंवा करारपत्रासाठी पैसे मागणारा कोणीही असो, तिथेच थांबा. अमेरिकेत अर्जाची फी खरी असते आणि ती विद्यापीठाच्या पोर्टलवरच भरायची असते. आर्थिक अडचण असेल तर फी माफीबद्दल विभागाला लिहा, कित्येकदा मिळते.

टप्पा ७: आता ईमेल

जिथे जाहिरात आहे तिथे जाहिरातीत सांगितलं तसा अर्ज करा. पोर्टल टाळून प्राध्यापकाला थेट सीव्ही पाठवणं म्हणजे रांग मोडणं. ईमेलचा खरा उपयोग दोन ठिकाणी होतो: जाहिरातीबद्दल खरोखरच शंका असेल तेव्हा, आणि तक्त्यावरून जागा निघेल असं वाटतं पण जाहिरात अजून नाही तेव्हा.

नेहमीचा ईमेल असा असतो: ‘आदरणीय महोदय, आपल्या थोर संशोधनाने मी अत्यंत प्रभावित झालो आहे. मी कष्टाळू आणि तत्पर आहे. आपल्या मार्गदर्शनाखाली कोणत्याही विषयावर काम करण्यास तयार आहे.’ ‘कोणत्याही विषयावर’ हे शब्द आले की वाचणारा थांबतो.

त्याऐवजी, आशय असा ठेवा, अर्थात इंग्रजीत:

‘मी पुण्यात एम.एस्सी. भौतिकशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला आहे. फ्रस्ट्रेटेड चुंबकांवरच्या तुमच्या गटाच्या ताज्या लेखात पॅरलल टेम्परिंग वापरलं आहे. मी साध्या आयझिंगवर वोल्फ लिहून संक्रमणाजवळचा ऑटोकोरिलेशनचा काळ मोजला, कोड आणि आकृती या दुव्यावर आहे. फ्रस्ट्रेशन आल्यावर माझे क्लस्टर जवळजवळ सगळी जाळी गिळतात आणि पद्धत निकामी होते. तिथून पुढचं तुमच्या गटात शिकण्याची इच्छा आहे. पुढच्या सप्टेंबरच्या सुमारास पीएच.डी.ची जागा निघणार आहे का? सीव्ही सोबत आहे.’

आठ-दहा ओळी आणि एक प्रश्न, ज्याचं उत्तर हो किंवा नाही असं देता येईल. विषयाच्या ओळीत ‘रिक्वेस्ट’ नको, विषय हवा. प्राध्यापकांचं आडनाव अचूक लिहा. दिवसाला दोनपेक्षा जास्त ईमेल लिहू नका, कारण तिसऱ्यापासून कॉपी-पेस्ट सुरू होते. माझ्या चौथ्या ईमेलमध्ये तिसऱ्या प्राध्यापकांच्या लेखाचं नाव तसंच राहिलं होतं. चौथ्या प्राध्यापकांनी एका ओळीत उत्तर दिलं, की तो लेख माझा नाही, पण चांगला आहे.

उत्तर आलं नाही तर दोन आठवड्यांनी एकदा आठवण करा. पुन्हा नाही आलं तर नाव खोडा आणि पुढे चला.

तपासा: पाठवण्याआधी ईमेलमधलं प्राध्यापकांचं नाव झाकून वाचा. तोच मजकूर दुसऱ्या कोणालाही पाठवता येत असेल तर तो अजून तयार नाही.

टप्पा ८: मुलाखत

वीस मिनिटांचं सादरीकरण मागितलं तर दहा स्लाइड पुरेत. पहिली स्लाइड प्रश्नाची, कॉलेजच्या इमारतीच्या फोटोची नव्हे. भारतातल्या मुलाखतीत फळ्यावर मूळ भौतिकी विचारतात: आवडता विषय विचारून त्यातच खोल नेतात. म्हणून आवडता विषय म्हणून क्वांटम फील्ड थिअरी सांगण्याआधी तो खरोखरच आवडता आहे का, ते पाहा. युरोपातल्या मुलाखतीत तुमच्या कामावर आणि त्यांच्या प्रकल्पावर जास्त बोलणं होतं. दोन्हीकडे ‘माहीत नाही, पण असं करून पाहीन’ हे उत्तर चालतं. गोलगोल फिरणं चालत नाही.

शेवटी ‘तुम्हाला काही विचारायचं आहे का?’ असं विचारतील. ‘नो सर, थँक यू सर’ म्हणून उठू नका. विचारा: संगणनाचे तास कुठल्या यंत्रावर आणि किती मिळतात? कोड गटाचं आहे की प्रत्येकजण नवं लिहितो? मागच्या तीन विद्यार्थ्यांना किती वर्षं लागली? शिकवण्याचा भार किती? आणि गटातल्या एका विद्यार्थ्याशी एकट्याने बोलता येईल का? या शेवटच्या विनंतीला आढेवेढे घेतले गेले, तर तेही उत्तरच आहे.

टप्पा ९: होकार देण्याआधी

तोंडी किंवा ईमेलवरच्या होकारावर बाकीचे अर्ज मागे घेऊ नका. करारपत्र किंवा प्रवेशपत्र हातात येईपर्यंत थांबा. त्यात पगार, कालावधी, रुजू होण्याची तारीख आणि पदवी देणारं विद्यापीठ या चार गोष्टी जाहिरातीशी ताडून पाहा. अमेरिकेतली बहुतेक मोठी विद्यापीठं १५ एप्रिलपर्यंत आर्थिक मदतीच्या प्रस्तावावर उत्तर मागत नाहीत. घाई करणारं पत्र आलं तर त्या तारखेचा उल्लेख करून मुदत मागता येते.

पगाराची तुलना रुपयांत करू नका. त्या शहरातल्या एका खोलीच्या भाड्याशी करा. हे आकडे तिथल्या विद्यार्थ्यांकडूनच खरे मिळतात.

एकदा होकार दिला की त्याच दिवशी बाकीच्यांना नकार कळवा, दोन ओळींचा. त्या जागेसाठी प्रतीक्षायादीत कोणीतरी बसलेलं असतं. आणि ज्या सरांनी शिफारसपत्र लिहिलं त्यांना फोन करा, व्हॉट्सॲपवर हात जोडलेली इमोजी पाठवून भागवू नका. पुढच्या वर्षी तुमच्या मागची मुलगी त्यांच्याकडेच पत्र मागायला जाणार आहे.